खऱ्या नकलेच्या शोधात

डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून सुमारे २१ कोटी ५९ लाख रुपये परस्पर वळते झाल्याची फिर्याद जवाहरनगर पोलीस ठाण्यात दाखल झाली, तेव्हा शहरात जिकडेतिकडे बोलणे चालले ते दरमहा १३ हजार रुपयांवर काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या नावाशी जोडल्या गेलेल्या उंची मोटारींचे आणि प्रशस्त सदनिकेचे. माझे मन मात्र त्या प्रकरणातील एका लहानशा तपशिलापाशी घोटाळत राहिले. पोलिसांच्या तपासातून बाहेर आलेली हकीकत अशी, की संकुलाच्या जुन्या लेटरहेडवर बँकेला एक पत्र गेले, त्या पत्रान्वये खात्याशी जोडलेला ई-मेलचा पत्ता बदलण्यात आला, आणि नवा पत्ता जुन्याशी इतका मिळताजुळता होता की एखाद्या अक्षराचाच काय तो फरक. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु जुलैपासून डिसेंबरपर्यंत रक्कम जात राहिली आणि तेवढ्या काळात ते अक्षर कोणाच्याही दृष्टीस पडले नाही, ही गोष्ट मला कोणत्याही दरोड्याहून अधिक अस्वस्थ करणारी वाटली.

अशा गुन्ह्यांना आपण पांढरपेशांचे गुन्हे म्हणतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली फिलाडेल्फिया येथील आपल्या अध्यक्षीय भाषणात ‘व्हाइट कॉलर’ गुन्हेगारीची कल्पना मांडली, तिच्यावरून ही संज्ञा रूढ झाली. मात्र वस्तू फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदून ठेवले आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे, म्हणजे आलेली रक्कम उशिरा जमा धरणे, एकाच्या नावची दुसऱ्याच्या नावे लिहिणे, खर्च न होता खर्च दाखवणे, आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकाला आपल्याच टिपणवहीतून उचललेले वाटावेत असे आहेत.

गेल्या काही वर्षांत या नगरीने असे प्रकार पुरेसे पाहिले आहेत. बिडकीन-पैठण परिसरातील शेतकऱ्यांना औद्योगिक वसाहतीसाठी गेलेल्या जमिनींचा मोबदला मिळाला, आणि तो मोबदला भरमसाट व्याजाच्या आशेने ज्या योजनेत गेला ती ‘तीस-तीस’ या नावाने २०२२ च्या आरंभी पोलिसांच्या दप्तरी आली. जुलै २०२३ मध्ये आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटींच्या अपहाराची फिर्याद सिडको पोलीस ठाण्यात नोंदली गेली. त्याच वर्षी अजिंठा अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि पाठोपाठ ९७ कोटी ४१ लाखांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. विनातारण कर्जे आणि इतर बँकांतील शिल्लक दाखवणारे बनावट दाखले, असे त्या आरोपाचे स्वरूप आहे. ही सारी प्रकरणे न्यायप्रविष्ट आहेत, म्हणून कोणाच्या दोषाविषयी येथे काही लिहिणे उचित नाही.

माझ्या एका मावशीची निवृत्तीनंतरची पुंजी अशाच एका संस्थेत अडकली. तिच्या मुदत ठेवीच्या पाच पावत्या तिने एका जुन्या रेशमी खणात गुंडाळून देवघराच्या फडताळात ठेवल्या होत्या. संस्थेच्या पैशांतून कोणी कोठे प्लॉट घेतला, कोणाच्या मेहुण्याच्या नावे शेत झाले, हे तिच्या गल्लीतील भाजीवालीलाही तोंडपाठ होते. आणि मावशीचा मला वारंवार प्रश्न असे की जी गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे ती एकट्या कोर्टालाच का ठाऊक नसावी. या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी अदालत रोडवरच्या वकिलांच्या बैठकींपर्यंत गेलो, आणि तेथून पुढे, ज्यांचे नाव वकालतनाम्यावर कधी येत नाही आणि निकालपत्रात क्वचितच येते, अशा खासगी शोधकांच्या कामापर्यंत पोहोचलो. गावाला असते ती माहिती. न्यायालयाला हवा असतो पुरावा. आणि या दोहोंमधली वाट तुडवणे, ती कायद्याच्या बांधावरून पाऊल घसरू न देता तुडवणे, हाच या माणसांचा व्यवसाय आहे.

गुप्तहेर म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते बाबूराव अर्नाळकरांचे नायक: वेषांतर, पाठलाग, मध्यरात्रीचे वाडे. बाबूरावांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला त्या चित्राची गोडी लावली. आर्थिक गुन्ह्याच्या खटल्यात वकिलाला साहाय्य करणारा शोधक मात्र दिवसा, कार्यालयीन वेळेत, जेवणाच्या डब्यासह हिंडतो. त्याच्यापाशी कोणतीही सनद नसते. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी २००५ सालचा केंद्रीय अधिनियम आहे; खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे या व्यवसायाला परवाना नाही, आणि अधिकारही नाही: तो कोणाची झडती घेऊ शकत नाही, कोणाला चौकशीस बोलावू शकत नाही, कोणाच्या बँक खात्याचा उतारा मागू शकत नाही. सामान्य नागरिकाला जे दार उघडे आहे तेवढेच त्यालाही उघडे. फरक इतकाच की कोणते दार कोठे आहे आणि ते कोणत्या कलमाने उघडते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

बंद दारे फोडण्याचा मोह काय करतो, हे २०१८ साली ठाण्यात दिसले. भ्रमणध्वनीच्या कॉल तपशिलांचा बेकायदा बाजार पोलिसांनी उघडकीस आणला आणि अनेक खासगी गुप्तहेर अटकेत गेले. त्याआधी काही महिने, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला होता. गैरमार्गाने मिळालेला पुरावा आपल्याकडील न्यायालये केवळ त्या कारणास्तव सरसकट नाकारीत नाहीत, हे खरे. तथापि अशा कागदावर उभा राहिलेला पक्ष उलटतपासणीत स्वतःच आरोपीसारखा दिसू लागतो, आणि त्याच्या वकिलाची प्रतिष्ठा पणाला लागते. म्हणून जाणता वकील शोधकाची नेमणूक आपल्या सहीच्या पत्राने करतो, कामाची मर्यादा त्यात लिहून देतो, आणि अहवाल पक्षकाराकडे परस्पर न जाता आपल्याकडेच यावा असा दंडक घालतो. वकील-पक्षकारांतील विश्वासाचे संरक्षण कायद्याने वकिलाच्या दुभाष्याला, कारकुनाला आणि कर्मचाऱ्यालाही लागू केले आहे. शोधकाचे नाव त्या कलमात नाही. वकिलाच्या हाताखाली, वकिलाच्या लेखी सूचनेने काम करणे ही त्या उणिवेवरची व्यवहारातील तोड आहे.

आता कागदांकडे वळू, कारण या कामाचा प्राण तेथेच आहे. पतसंस्थेच्या विरुद्ध खटला असला की अनुभव नसलेला मनुष्य प्रथम माहितीच्या अधिकाराखाली संस्थेकडे अर्ज करतो आणि तो फेटाळला गेला की हताश होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालच्या थलप्पलम प्रकरणात सांगून ठेवले आहे की सामान्यतः सहकारी संस्था हे त्या कायद्यातील सार्वजनिक प्राधिकरण नव्हे. सहकारी संस्थांचा निबंधक मात्र निश्चितच आहे, आणि कायद्याने निबंधकाला संस्थेकडून जी माहिती घेता येते ती त्याच्यामार्फत मागता येते. म्हणून अनुभवी शोधक जिल्हा उपनिबंधकांच्या दप्तराकडे वळतो आणि तेथून लेखापरीक्षण अहवाल, सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खालील नुकसानीची निश्चिती यांच्या नकला मागवतो. ठेवीदार जर सभासद असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने त्याला आणखी एक वाट मोकळी ठेवली आहे: सभांची इतिवृत्ते, सभासदांची नोंदवही आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी तो संस्थेच्या कार्यालयात बसून पाहू शकतो. या कलमाचा उपयोग किती थोडे लोक करतात, याचे मला अतोनात दुःख वाटते. कारण संस्था बुडाल्यावर जे दप्तर कुलूपबंद होते, ते त्याआधी वर्षानुवर्षे पाहू इच्छिणाऱ्यासाठी उघडे असते.

इतिवृत्त वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. कर्ज मंजूर झाले त्या सभेला किती संचालक हजर होते, उपस्थितीच्या सह्या आणि ठरावाचे सूचक-अनुमोदक यांचा मेळ बसतो काय, एकाच दिवशी भरलेल्या सभेची शाई पानागणिक बदलते काय, कर्जदाराचा पत्ता आणि संचालकाच्या आप्ताचा पत्ता एकच आहे काय, असे प्रश्न शोधक पेन्सिलीने समासात लिहीत जातो. त्याच्या शेजारी बहुधा एक सनदी लेखापाल असतो. लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेने न्यायवैद्यक लेखाशोधनासाठी स्वतंत्र मानके केली असून १ जुलै २०२३ पासून ती तिच्या सभासदांवर बंधनकारक आहेत. कीर्द आणि खतावणी जुळतात की नाही हे लेखापाल सांगतो. कीर्दीत नाव असलेला इसम त्या गावात राहतो की नाही हे शोधक पायी जाऊन पाहतो. गंगापुरात किंवा वैजापुरात त्या नावाचा कर्जदार शोधावा, आणि तो सापडला तर शेतमजूर निघावा, ज्याने आधार कार्डाची प्रत कोणाला तरी अनुदानासाठी म्हणून दिली होती आणि ज्याला आपल्या नावे कर्ज आहे याची गंधवार्ताही नसावी, अशा एका जबानीने खटल्याचा रोख बदलू शकतो.

पैसा गेला कोठे, हा पुढचा प्रश्न, आणि ठेवीदारांच्या दृष्टीने एवढाच प्रश्न. महाराष्ट्रात १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा जो अधिनियम झाला, ज्याला वकीलमंडळी एमपीआयडी म्हणतात, त्यान्वये शासन संस्थेची आणि संचालकांची मिळकत जप्त करू शकते, उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी नाही अशा दर्जाचा सक्षम प्राधिकारी नेमला जातो, आणि विशेष न्यायालयापुढे जप्ती कायम करण्याचे काम चालते. त्यातील आठवे कलम विशेष मोलाचे: सद्भावनेशिवाय वा योग्य मोबदल्याशिवाय मिळकत ज्याच्या हाती गेली त्याच्या मालमत्तेपर्यंतही जप्तीचा हात पोहोचू शकतो. मात्र त्यासाठी ती मिळकत कोणती, केव्हा आणि कोणत्या किमतीला गेली, हे कोणीतरी दाखवावे लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर दस्तांचे पहिले पुस्तक आणि त्याच्या सूची कोणालाही पाहता येतात. शोधक दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून सूची क्रमांक दोनचे उतारे जमवतो, त्यांशेजारी सात-बारा आणि फेरफार ठेवतो, आणि तारखांची एक रांग मांडतो: ठेवी परत मिळेनाशा झाल्या तो महिना, लेखापरीक्षक आला तो दिवस, आणि त्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी पुतण्याच्या नावे झालेले बक्षीसपत्र. त्या रांगेकडे पाहिल्यावर वकिलाला फार बोलावे लागत नाही.

मराठवाड्यात या शोधाला एक निराळी खोली आहे. येथील जमिनींची मुळे निजामी अमदानीत गेलेली; जुने कागद उर्दूत, काही मोडीत; इनामांचे मुंतखब, सनदा, त्यानंतरचे खासरा पाहणी पत्रक. जप्त करावयाची म्हणून दाखवलेली जमीन मुळात इनामी किंवा वक्फची निघाली, तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध येतात आणि लिलावातून ठेवीदाराच्या पदरी काही पडेल ही आशा लटकी ठरते. जुना उर्दू शिकस्ता वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत चालली आहेत, आणि एखादा वृद्ध अर्जनवीस शंभर वर्षांपूर्वीचे जीर्ण पान उजेडाकडे धरून मजकूर उलगडू लागला की त्याच्याभोवती बसलेले तरुण वकील श्वास रोखून ऐकतात. कंपन्यांचे काम त्या मानाने सोपे: कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की संचालक, भागधारक आणि बोजे डोळ्यांपुढे येतात. याच तंत्राच्या बळावर अमेरिकेतील क्रोल या संस्थेने १९९० नंतर कुवेतसाठी सद्दाम हुसेनच्या परदेशांतील संपत्तीचा माग काढला होता. कार्यक्षेत्र केवढेही असो, कामाची रीत हीच.

क्रीडा संकुलाच्या त्या एका अक्षराकडे आता परत यायला हवे, कारण यापुढचे खटले कागदाइतकेच पडद्यावर लढले जाणार आहेत, आणि त्याविषयीचा आजचा देशभराचा नियम आपल्याच प्रदेशातील एका तंट्यातून ठरला आहे. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांची उमेदवारी अर्जाची वेळ टळून गेल्यावर दाखल झाली असा आक्षेप घेऊन कैलास गोरंट्याल औरंगाबाद खंडपीठापुढे गेले, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यात आले. त्या चित्रणासोबत कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी, वारंवार मागूनही, दिले नाही. खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेले. आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि ते मिळत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे धाव घेऊन ते मागवावे. १९८१ पूर्वी ज्या मराठवाड्यातील पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे, त्या मराठवाड्यातील एका अर्जाने साऱ्या देशाच्या पुराव्याच्या कायद्याला वळण लावले, याचा मला अभिमान वाटतो.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर केले. त्याचे आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोहोंत त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. मी हे काम एकदा जवळ बसून पाहिले. ई-मेलची फाइल संगणकाला दाखवली, आणि क्षणार्धात पडद्यावर अंक आणि अक्षरे मिळून ६४ चिन्हांची एक ओळ उमटली. शोधकाने त्या फाइलची एक प्रत करून तिच्यात केवळ एक स्वल्पविराम वाढवला, पुन्हा तीच क्रिया केली, आणि आलेली ओळ पहिलीहून सर्वस्वी वेगळी होती. ज्या एका अक्षराच्या फरकाकडे पाच महिने कोणाचे लक्ष गेले नाही असे सांगतात, तसला फरक या ओळीत लपून राहू शकत नाही. म्हणूनच पक्षकार मोठ्या उत्साहाने व्हॉट्सॲपच्या संभाषणांची छायाचित्रे घेऊन येतो तेव्हा शोधकाचा पहिला प्रश्न असतो की मूळ फोन कोठे आहे, आणि तो विकला किंवा पुसला तर नाही ना.

येथवर मी ठेवीदारांच्या बाजूने लिहिले. परंतु शोधकाची गरज आरोपीच्या वकिलालाही तितकीच असते, आणि न्यायाच्या दृष्टीने ती गरज कमी पवित्र नाही. पतसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर केवळ नाव हवे म्हणून घेतलेली शिक्षिका किंवा लहान दुकानदार, ज्याने ठरावांवर न वाचता सह्या केल्या किंवा ज्याच्या सह्या दुसऱ्यानेच केल्या, तोही एका फिर्यादीत आरोपी क्रमांक अकरा म्हणून येऊन बसतो. ज्या दिवशी मंजुरीच्या ठरावावर त्याची सही आहे त्या दिवशी तो रुग्णालयात दाखल होता, हे दाखवणारे कागद शोधून आणणे, जुन्या सह्यांचे नमुने जमवून हस्ताक्षरतज्ज्ञाकडे देणे, निवृत्त रोखपालाला भेटून सभा प्रत्यक्षात भरत होत्या की पुस्तक घरोघर फिरत होते हे विचारणे, हे काम पोलीस करतीलच असे नाही. त्यांच्याकडे आरोपींची यादी लांब आणि मनुष्यबळ थोडे असते. साक्षीदाराला भेटताना मात्र शोधकाने आपण कोण आणि कोणाकडून आलो हे आधी सांगितले पाहिजे. पोलीस असल्याचा आव आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि भीतीने मिळवलेला जबाब पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो.

परंतु हे सारे करायला पैसा लागतो, आणि येथे माझे मन खिन्न होते. अमेरिकेत १९६४ च्या एका कायद्याने फेडरल न्यायालयांतील गरीब आरोपीला वकिलाबरोबरच शोधकाचा खर्चही न्यायालयाच्या अनुमतीने शासनाकडून मिळतो. आपल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने गरिबाला वकील दिला, हे मोठेच काम झाले. त्या वकिलाच्या हाती कागद आणून देणारा मनुष्य दिला नाही. ठेवीदाराची स्थिती आणखी कठीण. नागरी सहकारी बँक अडचणीत आली तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीदाराला हा विमा लागू नाही, आणि हा भेद ठेव ठेवताना त्याला सहसा कोणी सांगत नाही. ज्याला शोधकाची सर्वांत अधिक आवश्यकता तो त्याचे शुल्क देण्यास सर्वांत असमर्थ. म्हणून समिती करून वर्गणी काढण्याची आणि साऱ्यांचा मिळून एक वकील व एक शोधक नेमण्याची रीत मला योग्य वाटते. पोलिसांनी दाद दिली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ (३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह जाता येते, आणि त्या वेळी हाती सुसंगत कागदांची एक संचिका असणे आणि नुसती तक्रार असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

मावशी ज्या समितीत होती तिने असा एक गृहस्थ नेमला होता, आणि एका संध्याकाळी तो तिच्या घरी आला. तिने खण सोडून पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि विचारले की या खराब होऊ नयेत म्हणून लॅमिनेशन करून आणू काय. तो जवळजवळ दचकलाच, आणि म्हणाला की तसे मुळीच करू नका, मग शाई तपासता येत नाही. एकेक पावती त्याने कडेला धरून उचलली, पुढून पाहिली, मागून पाहिली. चौथीच्या पाठीवर, मावशीच्या कधीच ध्यानात न आलेली, एजंटाच्या हातची एक ओळ होती: नूतनीकरणाची तारीख आणि आद्याक्षरे. ज्या दिवसापासून ठेवी स्वीकारणे थांबवल्याचे संस्थेने सांगितले होते, त्यानंतरची ती तारीख होती. त्याने दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली, आपल्या वहीत पावतीचा क्रमांक आणि वेळ लिहिली, मावशीची त्या नोंदीखाली सही घेतली, आणि मूळ पावत्या तिच्याच हातांनी पुन्हा खणात बांधून घेतल्या.